मिठात घातलेला दगड

मार्च लागला की मंचरच्या हायवेवर दोनच गोष्टी धावताना दिसतात, कांदा आणि खडी. कांद्याच्या ट्रकमागं लाल पापुद्रे उडतात, खडीच्या डंपरमागं करडी धूळ. मार्केट यार्डाच्या वळणावर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि रसवंतीच्या ताडपत्रीवर, वडापावच्या झाकणावर, माझ्या स्कुटीच्या आरशावर येऊन बसतात. पंचांगात या ऋतूला नाव नाही. आमच्या धंद्यात आहे. मार्चएंड. वर्षभर पेंगत पडलेले रस्ते, मोऱ्या, शाळांच्या भिंती एकदम खडबडून जाग्या होतात. एकतीस तारखेच्या आत काम उरकायचं म्हणून ज्याला त्याला खडी हवी असते, आणि खडीबरोबर खडी चांगली असल्याचा दाखला हवा असतो. आजच्या आज हवा असतो आणि पासचाच हवा असतो.

तो दाखला मी देते. कधी कधी देत नाही.

मी दगडाची परीक्षा घेते असं सांगितलं की लोक हसतात. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "दगडाचं काय तपासायचं गं? डोक्यात घालून बघायचा." मीही हसले. पण ज्या दगडावर पूल उभा राहतो तो दगड पंचवीस पावसाळे टिकेल का, हे कुणीतरी आधी विचारायला हवं. तो प्रश्न विचारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि स्वभावही. आई म्हणते, तू लहानपणीसुद्धा "का?" विचारल्याशिवाय घास घेत नव्हतीस.

परवा या हंगामाची पहिली गोणी उघडली. मिठाच्या टबाभोवतीचं गोणपाट पाण्यानं भिजवलं आणि ओल्या तागाचा वास नाकात शिरला. या वासाला माझ्यापुरतं एकच वर्ष आहे. मी तेवीस वर्षांची होते, नोकरीचं दुसरं वर्ष होतं, आणि त्या मार्चमध्ये नानांची खडी आली.

तेव्हा आमची लॅब म्हणजे कांतीशेठच्या सिमेंट-स्टीलच्या दुकानामागचं गोडाऊन होतं. शेठचे आजोबा राजस्थानातून मंचरला आले. शेठ मात्र इथल्या मातीत लोळून वाढलेले, भांडताना आमच्यापेक्षा अस्सल मंचरचे. सिमेंट कुठलंही असलं तरी तक्रार दुकानावर येते, म्हणून त्यांनी लॅब काढली. एक ओव्हन, चाळण्यांची चळत, खडीवर ठोके घालायचं लोखंडी यंत्र, तराजू, आणि कोपऱ्यात मिठाचा टब. माणसं आम्ही दोन. मी, आणि हौसाआक्का.

हौसाआक्का साठीच्या पुढं गेलेली. तिचं निम्मं आयुष्य रस्त्याच्या कडेला बसून हातोडीनं खडी फोडण्यात गेलं होतं. डाव्या हाताची दोन नखं कायमची काळी. लॅबमध्ये ती खडी धुवायची, चाळायची, आणि उन्हाळ्यात टबाचं पाणी तापू नये म्हणून गोणपाट ओलं ठेवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दगड हातात घेऊन ती त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायची. मातीचा वास आला की मान हलवायची.

आणि नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, थोरले चुलतभाऊ. निमगाव साव्यात आमचं घर आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून, शेतं बांधाला बांध लावून. दहावीनंतर मला सिव्हिलच्या डिप्लोमाला घालायचं की नाही यावर आमच्या ओट्यावर दोन दिवस खल चालला होता. आप्पांचं म्हणणं, सिव्हिल म्हणजे गवंडीकाम, पोरीच्या जातीला ते कशाला? तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मोटारसायकल काढली, मला म्हणाले, "बस मागं," आणि आप्पांना एवढंच सांगितलं, "फारम भरून येतो." ते गेले नसते तर मी आज कुठल्यातरी बांधावर असते. बांधावर असणं वाईट नाही. पण मी मला हवं तिथं आहे ती नानांमुळं.

याच नानांनी पुढं डोंगराच्या पायथ्याला खाण घेतली आणि क्रशर टाकला. येडगाव धरणाच्या खालच्या अंगाला एका ओढ्यावर पूल व्हायचा होता. पलीकडच्या वस्तीवरची पोरं पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळेला मुकायची. त्या पुलाच्या काँक्रीटसाठी ठेकेदारानं नानांची खडी धरली आणि तपासणीला आमच्याकडं पाठवली.

पहिल्या परीक्षा झोकात झाल्या. यंत्राचा जड हातोडा खडीवर पंधरा वेळा पडतो. त्यात चुरा किती होतो ते बघायचं. नानांच्या दगडानं पंधरा ठोके असे खाल्ले की मलाच अभिमान वाटला. मी लगेच फोन लावला. "नाना, एक नंबर!"

"मंग! दगुड कुनाचा हाये?" पलीकडून क्रशरच्या खडखडाटात नाना ओरडले.

फोन ठेवला तेव्हा हौसाआक्का एक खडा ओला करून उन्हात धरून बघत होती. काळ्या दगडावर हिरवट झाक आणि पांढरे बारीक ठिपके होते. तिनं वाफ सोडली, हुंगलं. "बाई, ह्यो वरनं लई कडक हाये," ती म्हणाली, "पन पानी पितोय."

पाणी पिणारा दगड ओळखायची परीक्षा वेगळी असते. सोडियम सल्फेट नावाचं एक मीठ पाण्यात विरघळवायचं आणि खडी त्यात सोळा-सतरा तास बुडवून ठेवायची. मग ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायची. दगडात बारीक भेगा असतील तर मीठ आत शिरतं, वाळताना त्याचे खडे होतात, पुन्हा भिजलं की ते फुगतात आणि दगडाला आतून रेटतात. असं पाच वेळा करायचं. वर्षानुवर्षांचं ऊन आणि पाणी दहा-बारा दिवसांत दगडाला दाखवायचं. चांगला दगड याला दादही देत नाही. पाचव्या फेरीनंतरही तो धुऊन-पुसून जसाच्या तसा उभा असतो.

नानांच्या खडीनं तिसऱ्या फेरीला ट्रेमध्ये पापुद्रे सोडले. चौथ्या फेरीला खड्यांच्या कडा बोटानं सुटायला लागल्या. पाचवी फेरी झाली, खडी धुतली, चाळली, वजन केलं. झीज बारा टक्क्यांच्या वर नको होती. एकवीस आली.

मी तीनदा वजन केलं. तराजू पुसून केलं, खिडकी लावून वारा बंद करून केलं. माझं काहीतरी चुकलेलं असू दे, असं त्या दुपारी मला जितकं वाटलं तितकं पुन्हा कधी वाटलं नाही. एकवीस ते एकवीसच राहिले.

ठेकेदार संध्याकाळच्या आत हजर झाला. पांढरा शर्ट, दोन फोन, तोंडात बडीशेप. आकडा बघून तो अजिबात चिडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, एकवीस उलटं केलं की बारा. टायपिंगची चूक समजा. बाकी सगळ्यात पासच आहे ना?"

"बारा आणि एकवीस यातला फरक मला दुसरीत शिकवलाय," मी म्हणाले.

त्यानं शेठकडं पाहिलं. तो त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता. त्याच्या प्रत्येक कामाचं सिमेंट आणि सळई शेठच्या दुकानातून जायची. शेठ मला बाजूला घेऊन गेले. शेठ जैन, त्यांची दिवस मावळायच्या आत जेवायची वेळ झाली होती, पण ते हलले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "शीतल, सही तुझी आहे हे मला कबूल. पण कागद माझ्या दुकानाचा आहे."

"मग कागद कोरा ठेवा, शेठ. त्याच्यावर बारा लिहायला दुसरं कुणीतरी शोधा."

आज हे लिहिताना मला माझं कौतुक वाटत नाही. खोलीचं भाडं, आप्पांचं तोंड, नानांची मोटारसायकल, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढं आलं होतं. पण धीर असल्यामुळंच माणूस नाही म्हणतो असं नसतं. काही वेळा हो म्हणायला तोंडच उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले. आत येताच त्यांनी गोणीतला एक दगड उचलला आणि माझ्यापुढं टेबलावर आपटला. टेबलाचा टवका उडाला, दगडाला काही झालं नाही. "फोड," ते म्हणाले. "हातोडी घे आन् फोडून दाव."

"फोडून बघितला, नाना. फोडण्यात तो पासच झालाय."

"मंग? आगं, मिठात घालून कोन पूल बांदतं? मुरंबा घालायचाय का लोनचं?"

त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की त्यांचा दगड चांगला आहे. आपल्या हातानं डोंगरातून काढलेली वस्तू आतून पोकळ आहे, हे मान्य करायला कुठल्याही माणसाला जड जाईल. मी त्यांना ओढा समजावून सांगितला. चार महिने पाणी, आठ महिने ऊन. शेतातून झिरपणारं खारं पाणी. दरवर्षी दगड थोडा पिणार, थोडा फुगणार. आपण दोघं असेपर्यंत कदाचित काही होणारही नाही, आणि मग एखाद्या वर्षी होईल.

"माजा भरवसा न्हाई," नाना म्हणाले. "माज्या डोळ्यांदेखत कर."

"करते. दगड तुम्ही निवडा. सगळ्यात चांगले निवडा."

नियमात हे बसत नव्हतं. ढिगातून मिसळून नमुना घ्यायचा असतो. म्हणून मी दोन जाळ्या ठेवल्या. एकीत ढिगातली खडी, दुसरीत नानांनी स्वतः एकेक पारखून, धुऊन आणलेली. दोन्ही शेजारीशेजारी टबात उतरवल्या.

त्या दहा-बारा दिवसांचा हंगाम अजून माझ्या अंगावर आहे. नाना रोज दुपारी यायचे आणि टबाशेजारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसायचे. बाहेर यार्डात कांद्याचे लिलाव चाललेले, हमालांच्या हाळ्या, आडत्यांचे आकडे. आत ओव्हनची कोरडी धग. सुरुवातीला नाना कुणाशीच बोलत नव्हते. मग हौसाआक्काशी बोलू लागले. ती कुठल्या रस्त्यावर बसली होती, कुठला दगड हातोडीला कसा लागतो, कुठल्या डोंगराचा दगड घंटेसारखा वाजतो. एकदा नानांनी विचारलं, "मावशी, माजा दगुड तुमी पयल्या दिवशीच वळकला व्हता म्हनं?"

"वळकला व्हता."

"मंग बोलला का न्हाई?"

"माज्या बोलन्यावर पूल थांबतो व्हय, भाऊ?" आक्का म्हणाली. "हिच्या कागदावर थांबतो. म्हनून ह्या पोरीजवळ बसते मी."

धुळवडीच्या दिवशी खाण बंद होती तरी नाना आले. शर्टावर गुलाबी डाग, हातात काकीनं दिलेला पुरणपोळीचा डबा. आम्ही तिघांनी मिळून पोळ्या खाल्ल्या. त्या दिवशी दुसरी फेरी वाळून बाहेर निघाली होती आणि नानांच्या निवडक जाळीत एक कणही सुटला नव्हता. नाना माझ्याकडं बघून भुवई उडवत होते, आणि खरं सांगते, मीही मनातल्या मनात त्यांच्याच बाजूनं होते. त्यांचा दगड जिंकावा आणि मी तोंडावर पडावं, अशी माझी इच्छा होती. पण इच्छा तराजूत घालता येत नाही.

चौथ्या फेरीला त्या जाळीतही पापुद्रे आले. पाचव्यानंतर नाना म्हणाले, "चाळनी मी हालवतो." त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चाळणी हलवली. खाली ताटात चुऱ्याचा आवाज येत राहिला. ढिगातली खडी बाविसाला पोचली होती. नानांनी वेचून आणलेली सोळाला. दोन्ही नापास. नानांनी ताटातली चिमूट उचलली, बोटांत चोळली. तिचं पीठ झालं. मग हात न धुताच, चहा न घेताच निघून गेले.

मी रिपोर्ट टाईप केला. पहिला आकडा, दुसरा आकडा, खाणीचं नाव, सगळं स्वच्छ. सही केली. शेठ दारात उभे होते. मला वाटलं, आता मला घरी पाठवणार. ते आत आले, ड्रॉवरमधून शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि माझ्या सहीशेजारी स्वतः उमटवला. "नंतर कुणी म्हणायला नको, पोरगी एकटी होती," एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले. एप्रिलपासून तो ठेकेदार सळई दुसरीकडून घ्यायला लागला. शेठनी त्याबद्दल मला एका शब्दानं ऐकवलं नाही.

त्याच रविवारी मी गावी गेले. शेतात कांद्याची काटणी चालली होती. बायका ओळीनं बसून पाती कापत होत्या, कांद्याचे ढीग उन्हात गुलाबी चमकत होते, हवेत तिखट दरवळ. बांधापलीकडं काकी होती. मी हाक मारली. तिनं पाठ फिरवली आणि विळा चालवत राहिली. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. ठेकेदारानं दुसऱ्या खाणीची खडी धरली होती आणि नानांचा क्रशर बंद पडला होता. वर्षानुवर्षं गावाच्या कानांत बसलेला तो खडखडाट नव्हता, त्यामुळं कांदा कापल्याचा चर्र चर्र आवाजसुद्धा ऐकू येत होता.

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू खरं केलं आसशील. पन भावाच्या दारात आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आप्पा, उद्या तो पूल खचला तर त्या पोरांच्या बापांच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं?"

"लई शिकलीस," आप्पा म्हणाले. त्यांनी आणखी एक कांदा कापला, आणखी एक. मग पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. आमच्या घरात समजूत घालायची पद्धत एवढीच आहे.

मी माफी मागितली नाही. काकीची नाही, नानांची नाही. पुढं दोन वर्षं त्यांच्या घरातल्या कार्याला मला बोलावणं आलं नाही, तरी नाही मागितली. वाईट वाटलं, रडलेसुद्धा. पण वाईट वाटणं वेगळं आणि चुकलं म्हणणं वेगळं. ज्या माणसानं मला शिकायला धाडलं त्याच्यासाठी मी शिकलेलं खोटं करावं, असं मानणंच त्याचा अपमान होता, असं मला तेव्हाही वाटत होतं.

पूल त्या मार्चएंडला झालाच नाही. पुढच्या हिवाळ्यात झाला, दुसऱ्या दगडाचा. मी अधूनमधून मुद्दाम त्या वाटेनं जाते. पोरं सायकली दामटत जातात, उसाच्या ट्रॉल्या जातात. कुणाला काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. आमच्या कामाचं हेच आहे. ते नीट झालं तर काहीच घडत नाही. न खचलेल्या पुलाची बातमी होत नाही, न पडलेल्या भिंतीचा सत्कार होत नाही. "तुझ्या त्या कागदानं काय साधलं?" असं विचारणारे नातेवाईक मला अजून भेटतात. मी त्यांना पूल दाखवत नाही. ज्याला पुरावा म्हणून पडझडच हवी, त्याला उभा पूल दाखवून काय उपयोग?

कांतीशेठनी पुढं लॅब माझ्यावर सोपवली. हौसाआक्का थकली, आता ओतूरला लेकीकडं असते. फोनवर पहिला प्रश्न विचारते, "औंदा दगुड कसा येतोय?" आणि नानांनी खाणीचा तो वरचा थर सोडून दिला. चार महिने क्रशर बंद ठेवून ते खाली, कठीण काळ्या पाषाणापर्यंत गेले. तेव्हापासून मार्चच्या आधी त्यांची गोणी माझ्याकडं येते. कुठल्या ठेकेदारानं मागितली नसली तरी येते. सोबत निरोप नसतो, फक्त खाणीच्या थराचा आकडा लिहिलेली चिठ्ठी असते. बहुतेक वेळा पास होते. एकदा पुन्हा नापास झाली. मी तसंच लिहिलं. त्यांनी तो थरही सोडला. एवढ्या वर्षांत आम्ही त्या मार्चबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

मागच्या आठवड्यात नानांच्या धाकट्या लेकीचा साखरपुडा झाला. या खेपेला बोलावणं घेऊन काकी स्वतः आली होती. मांडवात पाहुण्यांची पंगत उठली, पानसुपारी फिरत होती. नानांनी मला हाताला धरून मधोमध नेलं. व्याही, त्यांचे भाऊ, गावातली चार शहाणी माणसं बसलेली. नाना मोठ्यानं म्हणाले, "पावणं, ही आमची पुतनी. हिनं माजा दगुड नापास केला व्हता."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या नजरेत अभिमान होता की जुना राग, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असेल.

"दोनदा केला, नाना," मी म्हणाले. "आणि वेळ आली तर तिसऱ्यांदा करीन."